ऐंशी ग्रॅम

कँटीनच्या रांगेत गल्ल्यावरची पोरगी विचारते, विद्यार्थी?
माझ्या हातात ट्रे, ट्रेमध्ये वाटाण्याचं सूप.
आज गुरुवार. गुरुवारी कागदगिरणीतही हेच असायचं.
मी कार्ड दाखवते. फोटोत मी त्रेपन्न वर्षांची.
मार्युक्का लेहतोला, इतिहास, वर्ष पहिलं.
दोन युरो पंच्याण्णव, ती म्हणते.
मी नाणी मोजून देते आणि मला उगाच
काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

सत्तावीस वर्षं मी कागद तपासला.
वजन, ओल, पांढरेपणा, कुठल्या दिशेनं सरळ फाटतो.
अजूनही डोळे मिटून अंगठ्यानं सांगेन
हा ऐंशी ग्रॅमचा की पंच्याहत्तरचा.
पांढरं करणं आमचं काम.
पांढऱ्यावर काळं करणारे दुसरे असत,
दूर, दक्षिणेत कुठेतरी, चष्मेवाले.
केसांतला गंधकाचा वास धुऊनही जात नसे,
गावात म्हणायचे, पगाराचा वास आहे तो.
मग एका जूनमध्ये यंत्रं थांबली
आणि त्या उजेडी रात्री
कुणालाच झोप लागली नाही,
इतकं शांत होतं.

इथे ओउलूमध्ये कुणी कागद वापरत नाही.
वीस मुलं, वीस उजळलेले पडदे,
तास संपला की झाकणं मिटतात, टप टप टप.
माझ्या वहीचं पान उलटल्याचा आवाज
सगळ्या खोलीला ऐकू जातो.
शेजारचा आलेक्सी माझ्या धाकट्याहून लहान.
म्हणतो, भारी आहे वही, आजोबांची आठवण आली.
मी म्हणत नाही की बाळा,
तुझ्या या पातळ यंत्रानंच माझी नोकरी खाल्ली.
तो मला तळटीप कशी लावायची ते शिकवतो.
मी त्याला अर्धा पाव देते. राईचा, घरचा.

नवरा विचारतो, या सगळ्याचं पुढे करणार काय?
मी उत्तर जुळवायला बसते.
प्रस्तावना जमते.

पहिला निबंध परत आला.
बाई एकतीस वर्षांच्या, फार सौम्य. शेवटी एकच ओळ:
निरीक्षण उत्तम, पण तुमचा दावा कुठे आहे?
दावा.
आयुष्यभर माझ्याकडे दोनच शिक्के होते,
चालेल आणि चालणार नाही.

नोव्हेंबर. दुपारी तीनला अंधार.
ग्रंथालयाच्या तळघरात मी डांबराच्या व्यापारावरचा
एक जुना प्रबंध काढला, सत्त्याण्णव सालचा,
कुणा पेंट्टी ओयालाचा. बहुतेक मीच पहिली वाचणारी.
पान हाताला लागलं आणि अंगठा थांबला.
हा आमचा.
दिव्यासमोर धरलं. पान एक्केचाळीस,
डावीकडून चार सेंटिमीटर, वरपासून खालपर्यंत
केसाएवढी फिकट रेघ.

मार्चमधली रात्रपाळी. तिसऱ्या यंत्राच्या पात्याला खोच पडलेली.
घरी ईदाला ताप, फोन दोनदा येऊन गेलेला.
रेघ मला दिसली होती.
मी शिक्का मारला, चालेल,
आणि बर्फातून सायकल हाणत घरी गेले.

डांबराची पिंपं होडीत चढताहेत,
पुढे धबधबे आहेत, नावाड्याचं नाव कुणी नोंदलेलं नाही,
अशा एका वाक्यातून ती रेघ आरपार जाते.
वाक्य अडलेलं नाही.
पेंट्टीला ती दिसलीही नसेल.
त्याच्या परीक्षकांनाही नाही.
मी किती वेळ तशीच बसून होते कोण जाणे.
वहीत लिहिलं: पृष्ठ ४१.
त्यापुढे लिहायचं होतं ते अजून सुचत होतं,

तेवढ्यात, माणूस हलत नाही असं पाहून
तळघराचा दिवा आपोआप विझला.

मी हात वर केला.
वर्गात अजून एकदाही केला नव्हता.